पूजेला बसलेत

ज्वारी हुरड्याला आली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. घरातले म्हणतात, वय झालं. वयाचा काय संबंध? मला हे अकराव्या वर्षापासून होतंय. परवा ओळखीच्या एका शेतकऱ्यानं पिशवीभर कणसं आणून दिली, हिरवीगार, दाबली की दूध येईल अशी. नातीनं ती गॅसवरच भाजली. निखाऱ्यांचा आर नाही, गोवऱ्या नाहीत, तरी तो वास सुटलाच. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसले.

तेवढ्यात नात मोबाइल घेऊन आली. "आज्जी, हे बघ." कुठल्याशा देशातली लढाई. एक बाई रस्त्यावर बसलेली, मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी चष्मा सारखा करेपर्यंत पोरीनं बोट फिरवलं आणि तिथं कुणाच्या तरी लग्नाचा केक आला. मी म्हटलं, मागं घे. ती म्हणाली, आज्जी, असले रोज येतात. मी म्हटलं, येऊ देत, रोज बघ. माझा आवाज चढला असणार, कारण सून आतून डोकावली.

मी चिडकी आहे, कबूल. जन्मभर शाळेत पोरं हाकली, आवाज काही उतरत नाही. पण या एका बाबतीत माझा राग रास्त आहे. फोटो असा ढकलायचा नसतो. युद्धातलं पळणारं पोर असो, दुष्काळातली हाडं असोत की टपावर माणसं लादलेली आगगाडी असो, त्या माणसाची कुणीतरी घरी वाट बघत असतं. आणि फोटो खोटं बोलत नाही म्हणतात ना, ते ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो मला भेटायला पाहिजे होता. त्याला मी आमच्या पिंगळीच्या ओसरीवर बसवलं असतं, हातात एक कागदाचा तुकडा दिला असता आणि विचारलं असतं, सांग बाबा, हा माणूस जिवंत आहे की मेलाय?

ती निजामाच्या राज्यातली शेवटची सुगी. शेवटची, हे आत्ता म्हणायचं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तेव्हा वाटत होतं, हे असंच चालायचं. आमचं पिंगळीला किराण्याचं दुकान, स्टेशनच्या वाटेवर, आणि रुळाच्या अलीकडं थोडी काळी जमीन. गाडी गेली की दुकानातल्या बरण्या एकमेकींना लागून वाजायच्या. शाळा उर्दूतून. मराठी अक्षरं मला अप्पांनी शिकवली, दुकानात गिऱ्हाईक नसलं की, पाटीवर. अप्पा म्हणजे माझे वडील. उंच, सडसडीत, बोलायला कमी. रोज सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून ते भिंतीशी मांडी घालून बसत, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडं एकटक बघत राहत. तेवढा वेळ आमच्या घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही.

असा कमी बोलणारा माणूस, पण एकदा दुकानात बोलून गेला. काय, तर हे राज्य आता फार दिवस टिकत न्हाई. एवढंच. त्या दिवसांत एवढं पुष्कळ होतं. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, चहाड्या सांगणारे फिरत होते, आणि कोणत्या गिऱ्हाइकाच्या कानाची वाट कुठं जाते ते कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी एका भल्या माणसानं येऊन सांगितलं की शेठ, तुमचं नाव झालंय, निघा. अप्पा निघाले. सरहद्दीपलीकडं, वऱ्हाडात, छावण्या पडल्या होत्या. इकडची माणसं तिकडं जाऊन राहत. अंगावर सदरा, गळ्यात लिंग, खांद्यावर घोंगडी आणि उपरणं. त्या उपरण्याला कोपऱ्यात विडीच्या ठिणगीनं भोक पडलं होतं. अप्पांची विडी नव्हे, गिऱ्हाइकाची. आईनं तिथं खणाचा एक तुकडा लावला होता, तिकोनी, कारण घरात तेवढाच उरला होता. अप्पा ते मुद्दाम आतल्या बाजूला घ्यायचे, आणि आई म्हणायची, लाज वाटती का माझ्या शिवणाची?

दिवाळीनंतर गेलेला माणूस. संक्रांत गेली, पौष गेला, निरोप नाही. निरोप येणार कसा? सरहद्दीवर वाटा बंद.

आणि ज्वारी तर आली. पिकाला काय कळतं? ती त्या वर्षी अशी आली की बांधावर उभं राहिलं तर पलीकडची गाडी दिसू नये. माणूस नाही म्हणून कणीस भरायचं थांबत नाही, याचा मला तेव्हा लय राग आला होता. माझे धाकटे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, त्यांनी बायका लावून ज्वारी उपटायला काढली. एरवी उपटणीला बायकांच्या गाण्यांनी रान दुमदुमायचं. त्या साली गाणं नव्हतं. नुसता मुळं सुटल्याचा आवाज, मातीचा, आणि वाळल्या पानांची खरखर. हाताला काट्यांसारखी बारीक कूस लागायची, गळ्याशी खाज सुटायची. उन्हं उतरली की सगळ्या बायका भराभरा घरला जायच्या, अंधाराच्या आत.

अशात कासारीण आली. शेवंताबाई. सुगीत बायकांच्या हातात चार पैसे असतात म्हणून ती नेमकी तेव्हाच यायची. तिचा माल आगगाडीनं मनमाडकडून यायचा, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरून. तिकडची वर्तमानपत्रं इकडं आणायला बंदी. पण बांगड्या कशात गुंडाळल्यात हे कोण बघतो?

आई नको नको म्हणत होती. शेवंताबाई म्हणाली, मालक परगावी असताना हात जुन्या बांगड्यांचा ठेवू नये आक्का, भरून घ्या, त्यांच्या पायाला बळ येतं. तेव्हा आई बसली. डावा हात भरून झाला, हिरवागार. उजव्या हातातल्या जुन्या काढल्या. शेवंताबाईनं दुसरा गुंडाळा सोडला, कागद बाजूला टाकला. मी वाचायला हपापलेली. मराठी छापलेलं काही दिसलं की उचलायचं. मी तो उचलला, मांडीवर सरळ केला आणि त्यात अप्पा होते.

मी काय ओरडले ते आठवत नाही. आईचा उजवा हात शेवंताबाईच्या हातात होता, मुठीच्या हाडाशी बांगडी अडली होती, तो तिनं तसाच ओढून घेतला. बांगडी वाढली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आईनं कागद घेतला आणि बघत राहिली. एवढी बघत राहिली की शेवंताबाईच घाबरून विचारायला लागली, काय झालं वो, काय छापलंय त्यात?

आता तो फोटो नीट सांगते. बारीक बारीक ठिपक्यांचा, शाई पसरलेला, जसे तेव्हा छापत. तंबूचं कापड, त्यापुढं एक खांब, खांबाला टेकून मांडी घालून बसलेला एक माणूस. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. कपाळावर भस्म. डोळे मिटलेले. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं आणि कानापाशी त्याचा कोपरा लोंबता, त्यावर काळं तिकोनी ठिगळ. डाव्या तळहातावर लिंग. आणि बरगडीपाशी, सदऱ्यावर, एक पांढुरका पुसट डाग. खाली छापलेलं होतं ते मी आईला वाचून दाखवलं: छावणीतही प्रार्थना चुकली नाही.

कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, काय श्रद्धा. मुंबई-पुण्याकडच्या लोकांनी तो फोटो बघून हात जोडले असतील. पण आमच्या घरात तो फोटो बघितला आणि चूल पेटली नाही. का, ते बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आम्ही शिवाचे. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. त्याला अंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून भिंतीशी बसवतात. मान पडू नये म्हणून डोक्याला कापड बांधून ते खुंटीला अडकवतात. डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. आणि तसंच बसलेलं नेऊन, बसलेलंच पुरतात. पूजेला बसलेला माणूस आणि गेलेला माणूस आमच्यात एकसारखा दिसतो. जवळ बसलं तर कळतं. फोटोत कसं कळणार?

उपरणं अप्पांचं, यात शंका नव्हती. ठिगळ आईच्या हातचं. चेहरा ठिपक्यांत विरघळलेला, पण ठिगळ पाहिल्यावर चेहराही अप्पांचाच दिसायला लागला. भांडण उरलं ते एवढंच, पण केवढं! तात्यांनी कागद दारात उजेडाला धरला, बराच वेळ धरला, आणि खाली मान घालून म्हणाले, "वयनी, मी कशाला वंगाळ बोलू? पण तुमीच बगा. पूजेला बसलेला मानूस हात छातीपाशी धरतो. ह्यो हात मांडीवर पडलाय. आन् डोळे मिटून कोन पूजा करतं?"

आई म्हणाली, "पूजेला बसलेत ते. दमलेत म्हणून हात खाली आलाय."

एवढं बोलून ती उठली, हळदीत दोरा बुडवला आणि उजव्या मनगटाला बांधला. शेवंताबाई चाचरत म्हणाली, आक्का, एवढा हात भरून देते. आई म्हणाली, ते आल्यावर. मग तात्या म्हणाले, वयनी, मग डावा तरी... पुढचं त्यांच्यानं बोलवेना. डाव्या बांगड्या उतरवा, असं त्यांना म्हणायचं होतं. आई म्हणाली, त्या ते गेल्याचं कुणी येऊन सांगितल्यावर.

त्या दिवसापासून माझी आई एका हातात चुडा आणि एका हातात दोरा अशी वावरली. सवाष्ण म्हणावी तर एक हात मोकळा, आणि दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही. भाकरी थापताना एकाच हाताचा आवाज यायचा. मला अजून तो आवाज ऐकू येतो. भाकरी थापणाऱ्या बायका पाहिल्या की मी दोन्ही हातांकडं बघते. गावातल्या बायका चांगल्या होत्या, तरी हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे त्यांना कळेना. कुणी बोलावलं, कुणी दारावरून पुढं गेलं. जिनं बोलावलं तिच्याकडंही आई गेली नाही. कशाला लोकांना कोड्यात घाला, म्हणाली. पण मी पाहिलं, त्या दिवशी तिनं ज्वारीच्या राशीवरचं चिपाड निवडायला घेतलं आणि निवडलेल्यातच परत हात घालत राहिली.

तात्यांचाही जीव खालीवर. मोठा भाऊ गेला असेल आणि आपण त्याचं काही केलं नाही, तर? त्यांनी आमच्या स्वामींना, म्हणजे घरचे विधी करणाऱ्या जंगमांना, बोलावून आणलं. म्हातारे, थरथरत्या मानेचे. त्यांनी कागद मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. शेवटी म्हणाले की कागदावरच्या मानसाचा विधी मी करणार न्हाई, आन् कागदावरच्या मानसाला औक्षही मी देऊ शकत न्हाई. जाताना त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. आई तेव्हा पहिल्यांदा रडली. पण तोंडानं तेच. पूजेला बसलेत.

मग तात्या आम्हाला परभणीला घेऊन गेले. पिंगळीहून परभणी गाडीनं म्हणजे बसेपर्यंत उतरायचं. तिथं एक फोटोवाले होते, वयस्कर मुसलमान गृहस्थ, मेंदी लावलेली दाढी. त्यांच्या खोलीत महालाचं चित्र काढलेला पडदा होता आणि त्यापुढं नवरानवरी उभी राहत. वर्तमानपत्राचा तो तुकडा बघून त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग भिंग घेऊन बसले. आम्ही तिघं त्यांच्या टोपीच्या काठाकडं बघत. तात्यांनी विचारलं, ह्यो डाग कशाचा? त्यावर ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "जो हिलता ना बाई, वो धुंदला आता. बाकी सब साफ है, इत्ताच हिल्या."

आईला दख्खनी कळायची. तिनं भिंतीला हात टेकला. बरगडीपाशी हललं म्हणजे काय? श्वास. छाती वरखाली झाली. तिचा चेहरा असा उजळला की त्या भल्या माणसाला भीती वाटली असावी, कारण त्यांनी लगेच भिंग खाली ठेवून सांगितलं की शाईही फाकते बाई, छापखान्याचं काही सांगता येत नाही, माझ्या शब्दावर भरवसा टाकू नका. पण आईनं पुढचं ऐकलंच नाही.

घरी आल्यावर तिनं तो तुकडा अप्पा पूजेला बसत त्या भिंतीतल्या देवळीत ठेवला, फुटक्या तसबिरीची काच पुसून तिच्यामागं. रोज दिवा. दिवा लावला की ती चेहऱ्याकडं बघायची नाही. त्या डागाकडं बघायची. एकदा मला जवळ घेऊन म्हणाली, बग, हलतंय. दिव्याच्या ज्योतीनं काचेवर उजेड हलत होता. मी म्हटलं, होय आई. मलाही हलताना दिसलं. दुसरं काय दिसणार?

मी नातीला हे सांगितलं तेव्हा ती मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, आज्जी, मग तू काय समजायचीस? जिवंत की... मी म्हटलं, मी सकाळी जिवंत समजायचे. दुपारी तात्या खळ्यावरून येऊन गप्प जेवायला बसले की गेलेले समजायचे. खळ्यावर बैल गोल फिरत होते, कणसं मळली जात होती, वाऱ्यावर उधळलेलं फोलपट दुकानाच्या फळीवर येऊन बसत होतं. एवढं धान्य घरात आलं आणि कुणी म्हणालं नाही की चांगलं पिकलं. एका फोटोनं आमच्या घराचं सुतकही अडवलं होतं आणि सणही.

उन्हाळा गेला, पाऊस आला, पेरण्या झाल्या. भादव्यात फौज आली. स्टेशनात वेगळ्याच झेंड्याची गाडी थांबली आणि माणसं भीत भीत आधी खिडकीतून, मग दारातून, मग रस्त्यावर आली. राज्य बदललं म्हणजे काय झालं, हे माझ्या आईला कळलं ते एवढंच की आता वाटा उघडल्या. छावणीतली माणसं परतायला लागली. मी प्रत्येक गाडीला फाटकाशी जाऊन उभी राहायचे.

अप्पा गाडीनं आलेच नाहीत. घटस्थापनेच्या आसपास, एका दुपारी, चालत, शेताच्या बाजूनं आले. मी ओसरीवर होते. दाढी, काठी, खांद्यावर घोंगडी. उपरणं नव्हतं. मी आत पळाले. आई माझ्या तोंडाकडं बघून समजली. ती बाहेर आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तात्यांना म्हणाली, "मी म्हनलं नव्हतं?" तात्या भावाच्या पायांवर पडून लहान पोरासारखे हमसायला लागले. मी अप्पांचं मनगट धरून ठेवलं होतं, गरम होतं, घामट होतं, खरं होतं.

शेवंताबाईला बोलवायला माणूस धावला. अर्धं गाव ओसरीवर. तिनं बैठक मारली, आईचा उजवा हात मांडीवर घेतला, हळदीचा दोरा तोडला. अप्पा पाय धुऊन आत गेले ते देवळीपाशी थबकले. दिवा जळत होता. त्यांनी काच काढली, कागद बाहेर घेतला. किती वेळ झाला, ते बाहेर येईनात. मी आत डोकावले तर ते भिंतीशी खाली बसले होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी आईला हाक मारली.

आई हात तसाच सोडवून आत गेली. "काय झालं? तुमचाच फोटू हाय. ह्याच्यावर आमी दिस काढले."

अप्पा म्हणाले, "ह्यो मी न्हाई."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. छावणीत त्यांच्या शेजारी ताडकळसचे एक होते, मन्मथअप्पा. आपल्यातलेच. दोघं एका तंबूत, एका ताटात. थंडीत तापाची साथ आली आणि एका सकाळी मन्मथअप्पा गेले. त्यांना बसवायचं तर होतं. पण छावणीत भिंत कुठली? कापडाचे तंबू. खांबाला टेकवलं, अप्पांनी आपलं उपरणं त्यांच्या डोक्याला बांधून खांबाला आवळलं. तरी अंग कलायला लागलं. मग अप्पा तंबूच्या आत, त्यांच्या मागं बसले आणि कापडाच्या फटीतून हात घालून त्यांना बरगडीपाशी धरून राहिले. बाकीचे खड्डा खणायला गेलेले. अशात कुठूनसा एक कॅमेरावाला आला. भला माणूस. आधी त्यानं चप्पल काढली, हात जोडले. त्याला वाटलं, हा पूजेला बसलाय.

"मला वरडता येईना," अप्पा म्हणाले. "मेलेल्या मानसामागून कसं वरडावं? म्हनून नुसती बोटं हलवली. नको म्हनलं. फोटू नको. त्यो पडला भायेरचा, त्याला काय कळनार?"

आईनं कागद हातात घेतला. तो डाग. ज्याला ती इतके महिने श्वास समजून दिवा लावत होती, ती माझ्या बापाची बोटं होती. नको म्हणणारी. फोटोवाले खरं बोलले होते, तेवढंच हललं होतं. आणि बाकी जे सगळं स्पष्ट, साफ आलं होतं, ते मेलेलं होतं. आनंद कुणाला नको होता? पण त्या क्षणी आमच्या घरात आनंद आत येऊन दारातच उभा राहिला, आणि कुणी त्याला बस म्हणेना.

आईनं एकच विचारलं, त्यांच्या घरी ठाऊक हाय का? अप्पांनी नाही अशी मान हलवली. आधी तिकडंच जायचं होतं, पाय उचलेना म्हणून इकडं आलो, म्हणाले. आई बाहेर आली, शेवंताबाईला म्हणाली, उद्या ये. आणि तात्यांना म्हणाली, गाडी जुंपा.

मला का नेलं ते माहीत नाही. बहुधा मी अप्पांचं मनगट सोडायला तयार नव्हते म्हणून. ताडकळसला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मन्मथअप्पांच्या अंगणात मुगाच्या शेंगा पसरल्या होत्या आणि एक बाई काठीनं त्या बडवत होती. गिरजाबाई. आईपेक्षा लहान असेल. गोल चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, दोन्ही हात कोपराकडं सरकतील असे बांगड्यांनी भरलेले. काठी पडायची तसे त्या वाजायच्या. अप्पा गाडीपाशीच राहिले. बैलांचं जू सोडायच्या निमित्तानं पाठ करून उभे राहिले.

गिरजाबाईनं सुपारी-पाणी पुढं केलं. तिची नजर आईच्या मोकळ्या उजव्या हातावर गेली आणि तिला वाईट वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. बिचारी, असं तिला वाटलं असणार. तिनं विचारलं नाही, पदरानं बसायची जागा पुसून दिली. आईनं छावणीचं नाव काढलं. गिरजाबाई सावरून बसली. आईनं पदराआडून तो कागद काढून समोर धरला.

गिरजाबाईला उपरणं बघायची गरज पडली नाही. ठिपके, दाढी, शाई, काही आड आलं नाही. तिनं एका नजरेत ओळखलं आणि हसली. एवढं सुंदर हसू मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

"पूजेला बसलेत," ती म्हणाली. "लय वाळले वो."

ज्या दोन शब्दांवर आईनं एक पावसाळा आणि एक सुगी काढली होती, तेच तिच्या समोर दुसरी बाई बोलत होती. गिरजाबाईनं कागद हातात घेतला, बोटानं नवऱ्याच्या कपाळावरचं भस्म चाचपलं, गालावर बोट फिरवलं. मग ते बोट खाली आलं आणि बरगडीपाशी थांबलं.

"आन् हे काय हाय वो, कडंला?"

आई म्हणाली, "आमच्या मालकाचा हात हाय. त्यांनी धरलंय मागून."

दुसरं एक अक्षर सांगावं लागलं नाही. कुणाला मागून धरून बसवावं लागतं, हे आमच्यात लेकरालाही ठाऊक असतं. गिरजाबाई त्या डागाकडं बघत होती, आणि मघाचं हसू अजून तिच्या तोंडावर तसंच होतं, काढून ठेवायचं राहून गेल्यासारखं. मग ती एका बाजूला कलायला लागली. आई पटकन तिच्या मागं सरकली आणि दोन्ही हातांनी तिला बरगडीपाशी धरून बसवलं. एका हाताचा आवाज झाला, एका हाताचा नाही.

कागद तिथंच राहिला. आईनं तो मागितला नाही, आणि दुसऱ्या दिवशी शेवंताबाईनं उजवा हात भरला तेव्हा आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. अप्पा पुढं पुष्कळ जगले. पण कुणी कॅमेरा काढला की उठून जायचे, माझ्या लग्नातसुद्धा गेले. त्यामुळे अप्पांचा फोटो आमच्याकडं नाही. नातीनं विचारलं तेव्हा तिला हेच सांगितलं. आहे तो तेवढा एक पुसट डाग, आणि तो ताडकळसला, परक्यांच्या भिंतीवर, दुसऱ्याच्या हाराखाली आहे.